जमिनीखालचं वर्तुळ

शाळेच्या फाटकासमोर रस्त्यावर एक उंचवटा असतो. रिक्षा तिथे आली की आपसूक सावकाश होते. स्कूटरवरची आई मागे बसलेल्या लेकीला म्हणते, "धर गं घट्ट." चाक चढतं, उतरतं, आणि सगळे पुढे जातात. त्या उंचवट्याकडे कुणी वळून पाहत नाही.

एकदा पाहा. नियमाप्रमाणे बांधलेला गतिरोधक शोधा आणि टेप लावून मोजा. गाडी जाते त्या दिशेने त्याची रुंदी ३.७ मीटर भरते, मधोमध उंची १० सेंटिमीटर. आता शाळेतली भूमिती आठवा. जीवा ३.७ मीटर आणि कंसाची उंची १० सेंटिमीटर असेल, तर तो कंस ज्या वर्तुळाचा आहे त्याची त्रिज्या येते सुमारे १७ मीटर. म्हणजे व्यास ३४ मीटर. दहा-अकरा मजली इमारतीएवढं वर्तुळ जमिनीत पुरलेलं आहे असं समजा, आणि त्याचा अर्ध्या वितीएवढा माथा तेवढा डांबरावर आलेला आहे. आपण गाडीने ओलांडतो तो हा माथा.

मला या आकृतीचं वेड लागलं, कारण गावातला प्रत्येक गतिरोधक, प्रत्येक पथदिवा, चौकातला प्रत्येक पांढरा पट्टा असाच आहे. वर दिसतं ते थोडं. खाली एक मोठं वर्तुळ असतं: माणसांचं, कागदांचं, सभांचं. शिरूर आणि दौंड ही पुणे जिल्ह्यातली दोन तालुक्याची गावं समोर ठेवून ते वर्तुळ थोडं उकरून पाहू.

आधी आकड्यांची गोष्ट. हे ३.७ मीटर आले कुठून?

१९२७ साली आर्थर कॉम्प्टन या अमेरिकी शास्त्रज्ञाला भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. क्ष-किरण इलेक्ट्रॉनवर आदळले की त्यांची ऊर्जा कशी बदलते, हे त्यांनी दाखवलं होतं. पुढे ते सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठाचे प्रमुख झाले. विद्यापीठाच्या रस्त्यावरून गाड्या भरधाव जातात हे त्यांना रोज दिसायचं. १९५३ साली त्यांनी त्या रस्त्यासाठी उंचवटे आखून दिले. आजच्या गतिरोधकांचे पूर्वज ते उंचवटे. नोबेल मिळवलेला माणूस रस्त्यावरच्या उंचवट्याचं गणित मांडतो, कारण गाडीचा वेग हासुद्धा शेवटी ऊर्जेचाच प्रश्न आहे. वेग दुप्पट झाला की आदळण्याची ऊर्जा चौपट होते. ताशी ५० किलोमीटरवरून २५ वर आलेली गाडी निम्मी धोकादायक होत नाही. तिच्यातली ऊर्जा पावपट उरते.

पुढचा टप्पा १९७० च्या दशकात इंग्लंडमध्ये आला. तिथल्या रस्ते संशोधन प्रयोगशाळेत वॉट्स नावाच्या संशोधकाने निरनिराळ्या आकारांच्या उंचवट्यांवरून गाड्या पळवून पाहिल्या आणि एक विलक्षण गोष्ट हाती लागली. अरुंद, टोकदार उंचवट्यावरून गाडी जोरात नेली तर धक्का बराचसा स्प्रिंगमध्येच जिरतो, आत बसलेल्याला कमी लागतो. म्हणजे असा उंचवटा सावकाश जाणाऱ्यालाच छळतो. पण उंचवटा गाडीच्या पुढच्या-मागच्या चाकांमधल्या अंतरापेक्षा रुंद, गोलसर केला की हिशेब उलटतो. सावकाश जाणाऱ्याला तो जाणवतही नाही, आणि जितका वेग जास्त तितका हिसका मोठा. त्या उंचवट्याची रुंदी होती १२ फूट, म्हणजे ३.७ मीटर. उंची १० सेंटिमीटर.

गल्लीतल्या लोकांनी रात्रीतून मुरूम आणि सिमेंट टाकून केलेला उंचवटा आणि हा उंचवटा, यांतला फरक इथे कळतो. पहिला गरोदर बाईला, पाठीचं दुखणं असलेल्या म्हाताऱ्याला, दवाखान्यात निघालेल्या पेशंटला शिक्षा करतो आणि भरधाव जीपला सोडून देतो. दुसरा नेमकं उलटं करतो. दोन्ही उंचवटेच, पण एकामागे मोजमाप आहे.

आपल्याकडे हे मोजमाप इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८ च्या नियमपुस्तिकेतून आलं. छोट्या रस्त्यावर गाड्या ताशी २५ किलोमीटरने जाव्यात अशी अपेक्षा असेल, तर १७ मीटर त्रिज्येचा, ३.७ मीटर रुंदीचा, १० सेंटिमीटर उंचीचा गतिरोधक. त्याच्या ४० मीटर आधी सूचना देणारा फलक. अंगावर काळे-पांढरे पट्टे. आणि ही इंडियन रोड्स काँग्रेस कशी जन्माला आली? एका समितीतून. १९२७ सालीच, म्हणजे कॉम्प्टन यांना नोबेल मिळालं त्याच वर्षी, हिंदुस्थानातल्या रस्त्यांचा विचार करायला एक समिती नेमली गेली. तिचे अध्यक्ष होते बॅरिस्टर मुकुंदराव जयकर. पुढे ते पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. विद्यापीठातलं जयकर ग्रंथालय त्यांच्याच नावाचं. जयकर समितीच्या शिफारशींमधून रस्त्यांसाठी निधी उभा राहिला आणि १९३४ साली रस्ते अभियंत्यांची ही संस्था स्थापन झाली. गावातल्या गतिरोधकाच्या खालच्या वर्तुळात एक मराठी बॅरिस्टर बसलेला आहे, हे कळल्यापासून मी गतिरोधकावरून जरा आदरानेच जातो.

पण नियमपुस्तिका दिल्लीत, आणि शाळेचं फाटक शिरूरला. मधलं अंतर कोण कापतं?

शिरूरला जुनी माणसं अजून घोडनदी म्हणतात. पुणे–अहिल्यानगर रस्त्यावर, घोड नदीच्या काठी वसलेलं हे गाव एके काळी इंग्रजांच्या फौजेची छावणी होतं. कोरेगाव भीमाच्या लढाईसाठी ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री तुकडी निघाली ती इथूनच. छावणीभोवती बाजार वाढला, बाजारात गर्दी वाढली, आणि १८६८ साली इथे नगरपालिका आली. घोड पुढे भीमेला मिळते, आणि त्याच भीमेच्या काठी दौंड आहे. शिरूर वाढलं हमरस्त्याने, दौंड वाढलं रुळांनी. पुणे–सोलापूर लोहमार्ग आधी आला, १८७८ साली मनमाडकडे फाटा फुटला, पुढे बारामतीकडेही रूळ गेले, आणि दौंड जंक्शन झालं.

आज दोन्ही गावांत नगरपरिषद आहे. १९६५ चा नगरपरिषद कायदा लोकसंख्येवरून वर्ग ठरवतो: ४० हजारांपर्यंत 'क', ४० हजार ते एक लाख 'ब', त्यापुढे 'अ'. त्या मापाने शिरूर 'क' वर्गात, दौंड 'ब' वर्गात. याच कायद्याने नगरपरिषदेची बंधनकारक कामं ठरवून दिली आहेत. सार्वजनिक रस्त्यांवर दिवे लावणं, रस्त्यातले अडथळे काढणं, रस्ते आणि मोऱ्या बांधणं व त्या नीट राखणं. 'मोऱ्या' हा शब्द लक्षात ठेवा, दौंडला तो पुन्हा भेटणार आहे.

या कायद्याच्याही वर राज्यघटना आहे. ७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून लागू झाली आणि घटनेला बारावी अनुसूची जोडली गेली. नगरपालिकांकडे कोणती कामं सोपवता येतील त्यांची ती अठरा कलमी यादी. पहिली ओळ नगररचनेची. चौथी ओळ रस्ते आणि पूल. पंधराव्या ओळीत जनावरांचा कोंडवाडा. आणि सतराव्या ओळीत पथदिवे, वाहनतळ, बसथांबे आणि स्वच्छतागृहं. ज्या ग्रंथात मूलभूत हक्क आहेत, राष्ट्रपतींची निवड आहे, सर्वोच्च न्यायालय आहे, त्याच ग्रंथात आपल्या कोपऱ्यावरचा विजेचा खांबही आहे. मला तरी ही फार मोठी गोष्ट वाटते.

आता समिती. गावचे सगळे नगरसेवक सर्वसाधारण सभेत एकत्र बसतात, पण प्रत्येक विषय खोलात जाऊन पाहणं एवढ्या मोठ्या सभेला जमत नाही. म्हणून कायद्याने विषय समित्या दिल्या. बोलीत कुणी पूर्ण नावं घेत नाही. बांधकाम समिती, पाणीपुरवठा समिती, आरोग्य समिती, शिक्षण समिती, नियोजन समिती, महिला व बालकल्याण समिती. प्रत्येकीला सभापती. पक्षांच्या संख्याबळानुसार सदस्यांची नावं येतात, आणि सगळ्यांच्या वर स्थायी समिती, जिचे अध्यक्ष स्वतः नगराध्यक्ष. महाराष्ट्रात २०११ पासून नगरसेवकांच्या निम्म्या जागा महिलांच्या आहेत, त्यामुळे रोज मुलांना शाळेत सोडणारी बाई त्याच रस्त्याच्या टिपणीवर बोलायला समितीत बसू शकते.

समजा, एखाद्या प्रभागातल्या पालकांनी शाळेसमोर गतिरोधक मागितला. अर्ज नगरपरिषदेत जातो, आवक-जावक टेबलावर त्याच्यावर शिक्का बसतो, तारीख आणि क्रमांक पडतो. तो क्रमांक जपून ठेवावा, कारण त्या क्षणी पालकांचं गाऱ्हाणं कागद होतं. कागद बांधकाम विभागात जातो. अभियंता जागेवर येऊन पाहतो: रस्ता किती रुंद, वळण किती जवळ, पाणी कुठून वाहतं. हा शेवटचा मुद्दा किरकोळ नाही. चुकीच्या जागी उंचवटा घातला तर पावसाळ्यात त्याचाच बांध होतो आणि पाणी शाळेच्या आवारात शिरतं. पोलिसांचं म्हणणं घेतलं जातं. मग टिपणी तयार होते आणि विषय समितीच्या अजेंड्यावर एक ओळ येते.

सभेत जे होतं ते बाहेरून पाहणाऱ्याला कोरडं वाटेल. विषय वाचला जातो. चर्चा होते. एक सदस्य सूचना मांडतो, दुसरा तिला अनुमोदन देतो. आणि इतिवृत्तात एक वाक्य उमटतं, त्याच्या शेवटी "…बसविणेस ही समिती मंजुरी देत आहे" असं काहीतरी. खाली सूचक, अनुमोदक. बाजारात ही भाषा कुणी बोलत नाही. पण या 'बसविणेस'मध्ये काय ताकद आहे पाहा. आधी ती काही लोकांची इच्छा होती. वाक्य नोंदलं गेलं की ती गावाची इच्छा झाली. सूचक आणि अनुमोदक अशी दोन नावं लागतात, कारण गावाच्या वतीने एकट्याने बोलायचं नसतं. किमान आणखी एकाने "मलाही हे पटतं" म्हणावं लागतं. दोन माणसांनी मिळून एक गोष्ट खरी करणं, ही लोकशाहीची सगळ्यात लहान एकक-क्रिया मला इथे दिसते.

पुढचा प्रवास कार्यालयातल्या शब्दांनीच सांगतो. एस्टिमेट निघतं, शासनाच्या दरसूचीप्रमाणे. तांत्रिक मंजुरी, प्रशासकीय मान्यता. टेंडर. वर्क ऑर्डर. काम झाल्यावर अभियंता टेप घेऊन येतो आणि जे भरलं ते मोजमाप पुस्तकात लिहितो. सगळे त्याला एमबी म्हणतात. ठेकेदाराचं बिल एमबीवरून निघतं. म्हणजे ३.७ आणि १० हे आकडे इंग्लंडमधल्या प्रयोगशाळेतून निघून शेवटी शिरूरच्या एका वहीत शाईने लिहिले जातात. तिथे ते खरे लिहिले गेले तर वर्तुळ पूर्ण होतं. खोटे लिहिले गेले तर कॉम्प्टनपासून जयकरांपर्यंत सगळ्यांची मेहनत वाया जाते. मला विचाराल तर अख्ख्या साखळीतली सगळ्यात पवित्र जागा ती वही आहे.

इथवर रस्ता नगरपरिषदेचा होता म्हणून वाट सरळ होती. पण गावातले सगळे रस्ते गावाचे नसतात. एकाच रस्त्यावरून शंभर पावलं चाललात तर मालक बदलतो: आधी नगरपरिषद, मग सार्वजनिक बांधकाम विभाग, मग राष्ट्रीय महामार्ग. महामार्गावर मनाला येईल तिथे उंचवटा घालता येत नाही, आणि ते योग्यच आहे. भरधाव ट्रकला अचानक उंचवटा दिसणं हाच नवा अपघात.

मालकीचं हे कोडं प्रत्यक्ष पाहायचं तर दौंडला कुरकुंभ मोरीपाशी उभं राहावं. रुळांनी दौंड घडवलं आणि रुळांनीच त्याचे दोन भाग केले. दोन्ही भागांना जोडणारी वाट रेल्वेच्या खालून जाते, ती ही मोरी. मोरी म्हणजे खरं तर पाणी जायची वाट. गावाने तो शब्द माणसांच्या वाटेला दिला, आणि पावसाळ्यात पाणी आपला जुना हक्क सांगायला तिथे येतंच. वरचा भराव आणि रूळ रेल्वेचे. खालची वर्दळ गावाची: शाळेची पोरं, दूधवाले, टेम्पो, कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीकडे निघालेले कामगार. इथे नगरपरिषदेने ठराव केला म्हणून मोरी रुंद होत नाही, कारण रूळ हलू द्यायचे की नाही हे रेल्वे ठरवते. आणि रेल्वेने एकटीने ठरवूनही होत नाही, कारण दोन्ही तोंडांचे रस्ते, गटारं आणि दिवे गावाचे. वरून मनमाडची गाडी धडधडत जाते आणि खाली रिक्षावाला हॉर्न देत थांबलेला असतो. दोन वेगवेगळे कायदे, मध्ये काही फुटांचं छत.

अशा जागांसाठी वर्तुळ आणखी मोठं करावं लागतं. मोटार वाहन कायद्यात जिल्हा रस्ता सुरक्षा समितीची तरतूद आहे, आणि राजशेखरन नावाच्या डॉक्टरांनी केलेल्या जनहित याचिकेत ३० नोव्हेंबर २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने देशभर अशा समित्या नेमायला लावल्या. जिल्हाधिकारी अध्यक्ष, पोलीस, आरटीओ, बांधकाम विभाग, महामार्गाचे अधिकारी एकाच टेबलाभोवती. त्यांच्या भाषेत एक शब्द वारंवार येतो: ब्लॅक स्पॉट. राष्ट्रीय महामार्गावरचा सुमारे ५०० मीटरचा तुकडा, जिथे तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापत झालेले पाच अपघात घडले, किंवा दहा माणसं गेली. या व्याख्येपुढे मी प्रत्येक वेळी थबकतो. ती सांगते की एकाच जागी पुन्हा पुन्हा माणसं मरत असतील, तर नशिबाला आणि ड्रायव्हरला दोष देऊन थांबू नका. त्या जागेकडे पाहा. वळण, उतार, अंधार, दुभाजकातली फट. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनुसार रस्त्याच्या सदोष रचनेमुळे किंवा देखभालीमुळे माणूस मेला वा अपंग झाला, तर जबाबदार यंत्रणेला आणि ठेकेदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. रस्ताही आरोपी असू शकतो, हा विचार आपल्या कायद्यात आला.

गावाच्या रस्त्यावर गाड्यांशिवायही कुणी असतं. भाजीची पाटी घेऊन बसलेली मावशी, वडापावची गाडी, पेरूवाला. "यांना उठवलं की ट्रॅफिक सुटेल" हे वाक्य आपण किती सहज बोलतो. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने त्यांच्यासाठी समितीच बसवली. मुख्याधिकारी अध्यक्ष, वाहतूक पोलीस सदस्य, आणि किमान ४० टक्के सदस्य खुद्द पथविक्रेते, त्यांच्यातूनच निवडून आलेले. त्यांतही एक तृतीयांश बायका. हातगाडी कुठे लावावी याची चर्चा वाहतूक पोलीस आणि पथविक्रेते एकाच टेबलावर करतात.

आणि या सगळ्याच्या तळाशी आहे विकास आराखडा. गावकरी त्याला डीपी म्हणतात. १९६६ च्या नगररचना कायद्याखाली होणारा हा नकाशा पुढच्या पिढीचे रस्ते आधीच काढून ठेवतो: कुठे बारा मीटरचा रस्ता, कुठे शाळेचं आरक्षण, कुठे बाग. प्रारूप प्रसिद्ध झालं की कुणीही नागरिक हरकत घेऊ शकतो. ती ऐकायला एक वेगळी नियोजन समिती बसते, विषय समित्यांतली नव्हे. स्थायी समितीतले तीन सदस्य आणि बाहेरून नेमलेले जास्तीत जास्त चार जाणकार. तीन लोकांचे, चार विद्येचे. माझी जमीन रस्त्यात जाते म्हणणारा शेतकरी आणि इथे रस्ता नसेल तर अग्निशमनाचा बंब येणार कसा म्हणणारा अभियंता यांच्यामध्ये ती समिती बसते. आज अरुंद असलेला प्रत्येक चौक म्हणजे कुणीतरी वीस-तीस वर्षांपूर्वी न घेतलेली, किंवा न ऐकलेली हरकत असू शकते.

मधली काही वर्षं या खुर्च्या रिकाम्या होत्या. २०१६ च्या अखेरीस निवडून आलेल्यांची मुदत संपली, निवडणुका लांबल्या, आणि राज्यातल्या बहुतेक नगरपरिषदा प्रशासकांच्या हाती राहिल्या. कामं त्या काळातही झाली. पण सूचक आणि अनुमोदक ही दोन नावं कागदावरून गेली होती. डिसेंबर २०२५ मध्ये निवडणुका झाल्या आणि ती नावं परत येण्याची वाट मोकळी झाली.

शेवटी एक दृश्य, या दोन्ही तालुक्यांत हिवाळ्यात कुणालाही दिसेल असं. गळीत हंगाम सुरू आहे. न्हावरे–चौफुला बाजूच्या रस्त्यावर उसाने लादलेली ट्रॉली अंधारातून चालली आहे. तिला मागे दिवा नाही, पण कुणीतरी लाल रिफ्लेक्टर लावलाय. तुमच्या गाडीचा प्रकाश त्याच्यावर पडतो आणि जिथून आला तिथेच, थेट तुमच्या डोळ्यांकडे परत येतो. रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यांतही हीच जादू असते. रंग ओला असतानाच त्यावर काचेचे बारीक मणी शिंपडतात, खडीसाखरेच्या चुऱ्याएवढे. दिवसा ते दिसत नाहीत. रात्री प्रत्येक मणी दिव्याचा किरण आत घेतो, आतल्या आत वळवतो आणि माघारी पाठवतो. मणी घातले नसतील तर तोच पट्टा दिवसा पांढरा आणि रात्री बेपत्ता.

ते मणी कामात धरले होते का, हे एस्टिमेट आणि एमबी पाहिल्यावर कळतं. माहितीच्या अधिकारात दहा रुपये भरून कुणीही नागरिक ते पाहू शकतो. म्हणून पुढच्या वेळी रात्री गावात शिराल तेव्हा शाळेसमोरच्या गतिरोधकावर दिव्याचा झोत पडू द्या. पट्टे उजळले तर समजा, या गावात कुणीतरी सूचना मांडली होती, कुणीतरी अनुमोदन दिलं होतं, आणि कुणीतरी वहीत खरे आकडे लिहिले होते. पट्टे उजळले नाहीत, तर सकाळी आवक-जावकच्या टेबलापाशी जा आणि तुमच्या कागदावर पहिला शिक्का मारून घ्या.